गोळा उडी मारत नाही

बिघडवला नाही, मावशी. तो शब्दच मागे घ्या. मी फोन बिघडवत नाही, बिघडलेले फोन उघडतो — फरक आहे. आणि काउंटरवर असा आपटू नका. हळू ठेवलात? बरं, हळू ठेवलात, पण मेलेला उंदीर शेपटीला धरून आणून ठेवावा तसा ठेवलात. बसा. ते स्टूल घ्या — डुगडुगतं, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे, तो सरकवू नका. मालक नाहीत, माल आणायला गेलेत, दुपारी येतील, आणि असते तरी काय केलं असतं? तुमच्याकडे बघून हसले असते, माझ्याकडे बघून डोळे वटारले असते, आणि तुम्हाला पाणी दिलं असतं. पाणी हवंय? मागे माठ आहे, पेला विसळून घ्या, मी हातात चिमटा धरलाय, हा स्क्रू तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा आहे, खाली पडला तर संध्याकाळपर्यंत मी आणि तुम्ही दोघंही फरशीवर रांगत असू.

तर. महिन्यापूर्वी आलात तेव्हा काय म्हणाला होतात? मी सांगतो, माझ्या लक्षात असतं. तुम्ही म्हणालात, 'सकाळी चांगला होता, दुपारी त्याने स्वतःच काहीतरी उतरवून घेतलं, बंद पडून चालू झाला, आणि तेव्हापासून चिखलातून चालल्यासारखा चालतोय.' मला आवडलं होतं ते. बाकीचे नुसतं 'हँग होतो, हँग होतो' करतात. अपडेट आलं होतं, दुसरं काही नाही. आणि मालकांनी काय केलं? चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, 'ताई, आता वय झालं त्याचं, नवा घ्या.' वय झालं! तीन वर्षांचा फोन! ह्या माणसाचं स्वतःचं पोट काउंटरला टेकतं, माळ्यावर चढताना दोनदा थांबतो, त्याला कुणी म्हणतं का, वय झालं, दुकानाला नवा मालक बघा? मीच म्हणालो, थांबा. तुमच्यासमोर म्हणालो. त्यांच्या तोंडावर म्हणालो. मग सेटिंगमध्ये गेलो, तळाशी एक नंबर असतो, त्याच्यावर सात वेळा टकटक केली — आठवतं? तुम्ही मोजत होतात — आणि कंपनीने तुमच्यासाठी ठेवलेलंच नाही असं एक दार उघडलं. आत तीन आकडे. एक खिडक्यांचा, एक ह्या पडद्यावरून त्या पडद्यावर जाण्याचा, आणि एक उरलेल्या सगळ्या हलणाऱ्या वस्तूंचा. तिन्ही एकवर असतात. दुसऱ्या दुकानात ते अर्ध्यावर आणतात. मी शून्यावर आणतो. अर्धं म्हणजे अर्धं खोटं, मला ते जमत नाही. आणि मग तुम्ही फोन हातात घेतलात, बोट लावलंत, टप! पुन्हा लावलंत, टप! तुम्ही म्हणालात, 'अगं बाई, बोट टेकायच्या आधीच उघडतंय.' म्हणालात की नाही? मग आता हे तोंड कशाला?

नाही, ऐका, मला बोलू द्या. तुम्ही काही बोलत नाही आहात हे खरं, पण तुमचा चेहरा मघापासून एकसारखा बोलतोय. ॲनिमेशन म्हणजे काय, ठाऊक आहे? तुम्ही चित्रावर बोट ठेवता, ते फुलत फुलत मोठं होतं, कडा गोल, मागचं सगळं धूसर — सुंदर, हो की नाही? आता ते फुलत असताना आत काय चाललेलं असतं? धावपळ. पाहुणे दारात आले की कसं, आतली माणसं पसरलेले कपडे पलंगाखाली ढकलत असतात, आणि एक जण दारात उभा राहून 'या, या, कसा झाला प्रवास, चपला असू द्या' करत राहतो. ते 'या, या' म्हणजे ॲनिमेशन. आत काही तयार नाही हे तुम्हाला कळू नये म्हणून. आणि अपडेट आलं की कंपनी काय करते? 'या, या' आणखी लांबवते. आणखी सावल्या, आणखी धूसर काच, आणखी गिरक्या. नव्या फोनला झेपतं. जुना बिचारा एकटा — त्यानेच कपडे ढकलायचे आणि त्यानेच दारात नाचायचं. मग नाचताना पाय अडखळतो, आणि तुम्ही म्हणता, फोन स्लो झाला. फोन स्लो झालेला नसतो, मावशी. त्याला जास्तीचं हसायला लावलेलं असतं. मी फक्त एवढंच करतो, की त्याचं हसणं बंद करतो.

आणि मला ह्या हसण्याचाच राग आहे. लहानपणापासून. मी बघितलेली सगळी मोठी माणसं अशीच. तुम्हाला नाही म्हणत — बरं, तुम्हालाही म्हणतो. तुमच्या वयाची माणसं. मोठ्ठं 'या, या', आणि आत रिकामी खोली. आमच्या कॉलेजचे प्राचार्य पहिल्या दिवशी पाऊण तास बोलले होते — प्रयोगशाळा, परंपरा, शिस्त, भविष्य — एक शब्द अडखळला नाही, सिनेमासारखं, सेकंदाला साठ फ्रेमच्या साठ फ्रेम. आणि प्रयोगशाळेत गेलो तर वीस मशीनपैकी सहा चालू. हसताय? हसा. तुम्ही हसल्यावर बरं वाटतं, मघापासून सुतक असल्यासारख्या बसल्या होतात.

मी इंजिनिअर आहे. म्हणजे तीन चतुर्थांश. तीन वर्षं केली, चौथं नाही केलं. नापास होऊन नाही — सगळे हेच समजतात, तुम्हीही समजू नका. प्रॅक्टिकलची परीक्षा होती. माझ्या वाट्याला आलेलं मशीन सुरूच होईना. मी हात वर केला. सर आले, बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मागची वायर हलवली, आणि मला म्हणाले, 'समज की चालू झालं.' मी म्हणालो, म्हणजे? म्हणाले, 'समज की चालू झालं, प्रोग्रॅम कागदावर लिही, आणि उत्तर काय आलं असतं ते मागच्या वर्षीच्या फाइलमधून उतरव. सगळे तेच करतात.' आणि खरंच सगळे तेच करत होते! चाळीस जण, माना खाली, जे मशीन चालूच झालं नाही त्याचं उत्तर शाईने लिहीत होते, खाली रेघ मारून. मी प्रोग्रॅम लिहिला. पूर्ण लिहिला, बरोबर लिहिला. आणि उत्तराच्या चौकटीत लिहिलं — मशीन चालू झालं नाही. बस. चार शब्द. माझं आजपर्यंतचं सगळ्यात खरं लिखाण आहे ते. शून्य दिला. विचारायला गेलो तर म्हणाले, उद्धट आहेस. उद्धट! मशीन बंद, आणि उद्धट मी! मग प्राचार्यांनी मोठ्या मनाने — त्यांचं मन नेहमी मोठं असायचं — सांगितलं, माफीनामा लिहून दे, परीक्षा पुन्हा घेऊ. काय म्हणून माफी मागू, मावशी? मशीन चालू झालं नाही त्याची? की झालं असं मी म्हणालो नाही त्याची?

नाही लिहिला. अजून नाही लिहिलेला. लिहिणारही नाही.

लिहिला तो बाबांनी. हो, माझ्या बाबांनी. ते कचेरीत कारकून आहेत, अर्ज ही त्यांची मातृभाषा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला — समास सोडलेला, 'सविनय' पासून 'आपला आज्ञाधारक' पर्यंत, मोत्यासारखं अक्षर, खाली माझ्या सहीपुरती जागा. मला म्हणाले, 'सही कर.' मी म्हणालो, वाचला, फार छान आहे, अक्षर तर फारच छान, पण ह्यात जे झालंच नाही ते लिहिलंय. ते म्हणाले, 'मी बत्तीस वर्षं असेच कागद लिहून हे घर चालवलं.' हे ते अभिमानाने म्हणाले! मी म्हणालो, म्हणूनच घराला ओल आहे.

हो, बोललो. वाईट बोललो म्हणता? बोललो ते बोललो. खोटं होतं का? न्हाणीघराच्या भिंतीवर नकाशा उमटलाय ओलीचा, दरवर्षी एक देश वाढतो, आणि हे दरवर्षी त्याच्यावरून पांढरा हात फिरवतात. पुन्हा तेच 'या, या'.

आणि त्याच वेळी, गंमत बघा, आईचा फोन. तिच्या फोनला त्याच दिवशी अपडेट आलं होतं. तुमचाच फोन, मावशी — म्हणजे ह्याच जातीचा, तिचा निळा आहे. ती बिचारी ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, 'ह्याला काय झालंय रे, फार हळू चाललाय.' आता मला कळतं, तिला विषय बदलायचा होता. ती नेहमी असंच करते, आम्ही दोघं भिडलो की मध्ये एखादी वस्तू आणून ठेवते — मीठ संपलंय का बघ, खिडकी लागत नाही, फोन हळू चाललाय. मी म्हणालो, आण इकडे. आणि बाबांच्या समोर, त्या माफीनाम्यावरच फोन ठेवून, सात वेळा टकटक, तीन आकडे, तिन्ही शून्य. पंधरा सेकंद. म्हणालो, 'बघा. हे तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत. हे खरं काम. ना सविनय, ना आज्ञाधारक.' आईने हातात घेतला, बोट लावलं, टप. ती दचकली. मला वाटलं, खूश झाली.

मग बाबा म्हणाले, सही नाहीतर दार. मी दार घेतलं. दार बरंय, त्याच्यावर सही लागत नाही. आणि आई — आई ओट्यापाशी, फोन हातात. बाबांचं मला काही वाटत नाही, ते त्यांच्या नियमाने वागले. पण ती? एवढं तरी म्हणायचं, जेवून जा.

असो. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? तुम्ही विचारलंत का? नाही ना. मग थांबवायचं होतं.

आता फोन दाखवा. दाखवा, काय बिघडलंय ते दाखवा. हा बघा, कॅमेरा — टप. फोटो — टप. घड्याळ — टप. तीन वर्षांचा फोन आहे, मावशी, मालकाच्या नव्या फोनसोबत पळवू का? हा जिंकेल. मग? काय म्हणता? ...कुणाचा फोन घेता येत नाही? म्हणजे वाजत नाही? वाजतो? मग? वाजतो, आणि घेता येत नाही. हे बघा, मला असलं ऐकवू नका, हे मी रोज ऐकतो — वाजत होता पण घेता आला नाही, हात ओले होते, देवाला हात जोडत होते, आतल्या खोलीत होता. घ्यायचा नसतो तेव्हा घेता येत नाही. सरळ सांगून टाकावं माणसाने, मला बोलायचं नाही. फोनवर का ढकलता?

बहीण? कुठे असते? लांब. बरं. रोज दुपारी? तीस वर्षं? दुकानातल्या फोनपासून, शेजाऱ्यांच्या फोनपासून — कमाल आहे, एवढं काय बोलता हो? आणि आता महिनाभर तिचा फोन वाजतो आणि तुम्ही घेत नाही, आणि ती म्हणते... काय म्हणते? मिस्टरांच्या फोनवर सांगितलं तिने? 'तिला म्हणावं, मोठी झालीस.' हं. रुसली. बरोबर आहे तिचं. मीही रुसलो असतो. मी रुसलो नाही, मी सोडून दिलं, ते वेगळं.

कारण मला ठाऊक आहेत ना फोन न घेणारी माणसं. मी घरातून निघाल्यावर आईला रोज सकाळी अकराला फोन करायचो. अकरालाच, कारण बाबा तेव्हा कचेरीत. ते घरी असले की घरात वाजलेला कुठलाही फोन तेच उचलतात, आईचासुद्धा, 'कोण बोलतंय' असं साहेबासारखं. म्हणून अकराला. ती एकटी असते, ओटा पुसून झालेला असतो, फोन समोर खिडकीत. मला सगळं माहीत आहे, मी त्या घरात एकवीस वर्षं राहिलोय. आणि तो वाजायचा. पूर्ण वाजायचा. कापलाही नाही कधी! निदान कापावा, मावशी, कापला की कळतं समोर माणूस आहे, रागावलेला आहे. नाही. शेवटपर्यंत वाजू द्यायचा, आणि मग ती बाई — 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती'. पहिल्या आठवड्यात सहा वेळा केला. मग आठवड्यातून एकदा. मग महिन्यातून. मग दोन महिने झाले, केलाच नाही. ती आणि बाबा एकच आहेत, तिने फक्त आवाज न करता सही केली, असं मी — असं आहे ते. आणि ती स्वतःहून करेल? तिला लावता येत नाही, तिला बाबा लावून देतात. येतो फक्त घेता. तेवढं एक मी शिकवलं होतं. म्हणजे घेता येत होतं. घ्यायचं नव्हतं.

सात महिने झाले. मला फरक पडत नाही. सात महिन्यांत मी दोनशे फोन उघडलेत.

चला, लावून बघू, म्हणजे तुमचं समाधान होईल आणि मी माझ्या स्क्रूकडे वळेन. नंबर आहे वहीत — हा. थांबा, फोन तुमच्या हातात धरा, रोज धरता तसा. लावतोय. वाजला? वाजतोय. छान, आवाज मोठा आहे. घ्या आता. घ्या ना. अहो, टिचकी काय मारताय त्याला? तो हिरवा गोळा आहे ना, त्याच्यावर टिचकी नाही मारायची, दाबून नाही ठेवायचं — नुसतं दाबून काही होत नाही, त्याला बोट लावून वर ढकलायचं. वर. मावशी, वर! असं जोरात दाबून नाही होत, काच फुटेल. संपला. बघा, संपला. तीस वर्षं फोनवर बोलताय, आणि फोन घेता येत नाही? महिन्यापूर्वीपर्यंत कसा घेत होतात मग? तेव्हाही हाच गोळा होता, हीच जागा, मी काही गोळा बदललेला नाही —

काय म्हणालात?

पुन्हा सांगा.

गोळा उडी मारायचा.

फोन वाजला की तो हिरवा गोळा खालून वर उडी मारायचा, पुन्हा खाली यायचा, पुन्हा वर. आणि तुम्ही तो जिकडे निघालाय तिकडे त्याला ढकलून द्यायचात. हं. कुणी शिकवलं नव्हतं, तोच सांगायचा. आणि आता — आता तो नुसता बसून राहतो. टिकलीसारखा. मग तुम्हाला वाटतं, दाबायचं असेल. मग तुम्ही दाबता.

थांबा हं. जरा थांबा.

पुन्हा लावतो. फोन वर धरा, मला दिसू दे. नाही, घेऊ नका, नुसता वाजू द्या. बरोबर. बसून आहे. हलत नाही. तिसरा आकडा तो. खिडक्यांचा नाही, पडद्यांचा नाही — उरलेल्या हलणाऱ्या वस्तूंचा. मी एवढ्या फोनचे आकडे शून्य केले, माझ्या नजरेत कसं नाही आलं? कारण मी घेतो तेव्हा बघतच नाही, बोट आपोआप वर जातं. तुमच्या पोराटोरांचंही जातं. तो गोळा आमच्यासाठी नाचतच नव्हता. तो तुमच्यासाठी... हं.

मावशी, एक विचारू? वाजत असताना तुम्ही काय करता? म्हणजे नेमकं. दाबता. पुन्हा दाबता. किती वेळ? शेवटपर्यंत. आणि पडद्यावर बहिणीचा फोटो असतो? नाही? नुसतं नाव? आईच्या फोनवर माझा फोटो आहे. मीच लावला होता, कॉलेजच्या पहिल्या दिवसाचा, मालकांसारखा भांग पाडलेला. फोन वाजला की अख्ख्या पडद्यावर मी, आणि खाली गोळा. आणि वाजून संपलं की? तुम्ही कुणाला सांगता? मिस्टरांना सांगितलंत. हां, तुम्हाला सांगता येतं. तिला कुणाला सांगता येणार? बाबांना? काय सांगणार, की तुम्ही कचेरीत गेलात की पोराचा फोन येतो आणि मला घेता येत नाही? वरच्या काकूंना? घरातलं भांडण दाराबाहेर न्यायचं नाही, हा तिचा कायदा आहे, त्याच्यापुढे सरकारचा काही नाही. म्हणून मीच तर अकराची वेळ निवडली. कुणी नसेल अशी. बरोबर कुणी नसेल अशी.

आणि कापला का नाही — कापायचाही कसा, तो लाल गोळाही बसूनच असणार.

मी म्हणजे... माझ्यासारखा. जो म्हणतो, चालू झालं नाही तर चालू झालं नाही असं लिहा, समजून चालू नका. मी काय केलं? एकदा तरी तपासलं? समोरचा फोन का घेतला जात नाही — रोज बारा तास मी दुसरं काय करतो? कुणी येऊन म्हणालं असतं, वाजतो आणि उचलत नाहीत, तर आधी फोन मागितला असता हातात. आईच्या वेळी नाही मागितला. समजून चाललो. सात महिने समजून चाललो, शाईने, खाली रेघ मारून.

द्या तो फोन. द्या, रडत नाहीये मी, ह्या काच चिकटवायच्या डिंकाचा वास आहे, गरम झाला की डोळ्यांना लागतो. हा बघा, तिसरा आकडा — शून्यावरून एक. बाकीचे दोन शून्यच ठेवतो, ते बरोबर आहेत, त्याबद्दल मी ऐकून घेणार नाही. आता धरा. लावतोय. आला? उडी मारतोय? मारतोय! बघा, बघा कसा धडपडतोय वर यायला. ढकला. हं.

हॅलो. हो, ऐकू येतंय. मावशी, मी समोरच बसलोय, एवढं मोठ्याने बोलायची गरज नाही. हॅलो. हो. हो, जेवलो. सकाळीच जेवलो. तुम्ही कशाला विचारताय ते? ठेवा आता. ठेवा म्हणतो ना.

तुमचं झालं. उठा. नाही, काही नको, माझीच चूक होती ती. चूक म्हणालो, माफी नाही म्हणालो, त्यात फरक आहे. आणि अशीच वहीत अजून तीस-चाळीस नावं आहेत, तुमच्या वयाची, सगळ्यांचे शून्य केलेत. त्यांना फोन करून बोलवावं म्हटलं तर — उचलणार कसे? हसू नका, मावशी. बरं, हसा.

तो स्क्रू राहू द्या. पडला? पडू द्या. किती वाजलेत, दहा पंचवीस? दोन नंबरची बस साडेदहाला सुटते, चाळीस मिनिटं लागतात, मग कोपऱ्यावरून चालत पाच. अकरा पंधरा. बाबा कचेरीतून साडेपाचला येतात, आलेच आधी तर असू देत, मी दारातच सांगेन — मी माफी मागायला आलेलो नाही, सही करायला आलेलो नाही, ओल अजून आहे का तेवढं बघीन, आणि एक आकडा बदलून जाईन. शून्याचा एक. त्याला सविनय लागत नाही. जेवायलाही थांबणार नाही. विचारलं तर बघू.

मालक आले तर? आले तर सांगा, पोरगा दुकान बंद करून गेला. चिडतील. चिडू देत, त्यांना म्हणावं, वय झालं, नवा घ्या.

बाजूला व्हा जरा, शटर जोरात येतं. काय? फोन करून कळव म्हणता, येतोय म्हणून?

मावशी, तुम्ही मघापासून ऐकत होतात की नाही? — जा आता. जा. बहिणीला लावा.